खिळ्याचा दात

आमच्या कारखान्यात मी खुर्च्यांचे सांगाडे करायचो आणि माझा जोडीदार खिळ्या त्यांवर गादी ठेवून कापड ताणायचा. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचा, जिभेने एकेक वळवून ओठांशी आणायचा आणि लोहचुंबकाच्या हातोडीने उचलायचा. डावा हात कापडावरून सुटायचाच नाही, म्हणून सुरकुती पडायची नाही. चाळीस वर्षं असं चाललं. मी निवृत्त झालो. तो झाला नाही.

सत्तराव्या वर्षी त्याचा समोरचा वरचा दात उभा चिरला. काढावा लागला.

त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, काढता-घालता दात लावा आणि आता घरी बसा."

"घरी बसायला दात कशाला लागतो?"

तरी तिच्या हट्टापायी तो दात त्याने घेतला. तिसऱ्या दिवशी मी सहज कारखान्यात गेलो होतो. त्याने शेवटचा खिळा ठोकला, माझ्याकडे बघून हसला, आणि दात गायब! जिभेने खिळा ढकलताना दातही ढकलला गेला होता आणि गादीत पडला होता. वरून कापड ठोकून पक्कं. साठ खिळे उपसले त्याने. दात खिशात टाकला आणि जुनी भोकं चुकवून साठ पुन्हा ठोकले. मला हात लावू दिला नाही.

मालक म्हणाले, "आता पडदे शिवायला बसा."

"खुर्चीच द्या," खिळ्या म्हणाला आणि मला घेऊन दवाखान्यात गेला. बाहेरच्या बाकाचं कापड फाटलेलं होतं. त्याने ते बोटाने चाचपलं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, "ब्रिज करता येईल. शेजारचे दोन दात घासायचे आणि तिन्ही जागांवर एकसंध दात बसवायचे."

"ते दोघे धड आहेत ना?"

"अगदी."

"मग त्यांनी काय घोडं मारलंय?"

मी मान डोलावली. धड लाकूड तासून मोडक्याची सोय मीही कधी केली नाही.

"मग इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचा. हाडाने तो धरेपर्यंत चार महिने थांबायचं, मग वर दात. पण काका, तोंडात खिळे कायमचे बंद."

खिळ्या म्हणाला, "बसवा."

ते चार महिने तो तोंडात फट घेऊन फिरला. डाव्या मनगटाला लोहचुंबक बांधलं, त्यावर खिळे. सुरुवातीला एका खुर्चीला दोन दिवस लागायचे. कारखान्यातली पोरं म्हणायची, "आजोबा, खुर्ची झाली की आम्हाला उठवा!" सुरकुती दिसली की तो सगळं उपसून पुन्हा ठोकायचा. चौथ्या महिन्यात दिवसाला एक खुर्ची व्हायला लागली. मालकांनी पडद्यांचं नाव काढलं नाही.

दात बसला. दुसऱ्या दिवशी खिळ्या मला घेऊन दवाखान्यात हजर. हातोडी, खिळे, कापड घेऊन बाकासमोर मांडी ठोकून बसला.

डॉक्टरबाई दारातून डोकावल्या. "काका, तोंडात काही नाही ना?"

त्याने आ वासला. "आहे की. तुमचा दात."

मी बाकावर ताणलेल्या कापडावरून बोट फिरवलं. सुरकुती नव्हती. त्याने माझा हात बाजूला सारला आणि पुढचा खिळा उचलला.