पिंप भरलेलेच राहिले तेव्हा

आमच्या रांगेत चोवीस खोल्या आहेत आणि रांगेच्या टोकाला, नळाशेजारी, चार संडास: दोन बायकांचे, दोन पुरुषांचे. गेली एकोणीस वर्षे हे चारही संडास ज्या स्वच्छ ठेवतात, त्यांना लहानथोर सगळे बादलीकाकू म्हणतात. आत शिरण्यापूर्वी त्या बादलीच्या कडीने पत्र्याचे दार वाजवतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "आत कोण आहे? बाहेर या, नाहीतर पाणी येतंय!" या बाबतीत त्यांनी कधी कोणाचा हुद्दा पाहिलेला नाही. रांगेच्या समितीचा चिटणीस असूनही मला दोनदा धांदलीने बाहेर यावे लागले आहे.

काकूंना लिहिता-वाचता जेमतेम येते. पण रांगेच्या प्रकृतीची जितकी खडान्‌खडा माहिती त्यांना असते, तितकी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनाही नसावी. कोणाचे पोट बिघडले, कोणाकडे पाहुणे उतरले, कोणाच्या घरी दिवस राहिले, हे त्या संडासाबाहेरच्या पिंपातून कोण किती वेळा डबा भरून नेतो यावरून ओळखतात. तोंडातून मात्र अवाक्षर काढत नाहीत.

साथ आली त्या वर्षी कारखाने बंद झाले आणि सगळी रांग घरात बसली. दुसऱ्याच आठवड्यात अकरा नंबरचा वेल्डर संडासातून बाहेर पडला, तो भिंतीला धरून खाली बसला. दवाखान्याची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. पुढे सोळा दिवसांनी तो बरा होऊन परतला. पण तेवढ्या अवधीत संडासातूनच रोग येतो, असा रांगेचा निश्चय होऊन गेला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, त्यातला प्रकार. कोणी उघडपणे काही बोलत नव्हते. अळीमिळी गुपचिळी.

एके दिवशी दुपारी बारा वाजता काकू माझ्या खिडकीपाशी आल्या.

"सर, एक विचारू? सगळे घरात आहेत ना?"

"आहेत. का?"

"मग पिंप का संपत नाही? एरवी माणसं कामावर जायची, तरी दहाला पिंपाचा तळ दिसायचा. आज माणसं दुप्पट आणि पाणी काठोकाठ!"

"लोक पाणी जपून वापरत असतील," मी म्हणालो.

"जपत नाहीत, सर. इकडं येतच नाहीत. पुरुष पहाटे कारखान्याच्या भिंतीमागं जातात. बायकांनी कुठं जायचं? प्यायलं तर जावं लागेल, म्हणून पिणंच तोडलंय."

ही गोष्ट गंभीर होती. मी त्याच संध्याकाळी एक वेळापत्रक तयार केले. चार रकाने, चोवीस खोल्या, प्रत्येक खोलीस सकाळी व सायंकाळी ठरावीक दहा मिनिटे. गर्दी नको, संपर्क नको. कागद सुवाच्य अक्षरात लिहून नळाजवळच्या भिंतीवर लावला. तीन दिवसांत उरलीसुरली वर्दळही थांबली.

याच तीन दिवसांत काकूंना आणखी एक गोष्ट खटकली. सतरा नंबरच्या शिंपिणीची सून सातव्या महिन्यात होती. एरवी सकाळीच तिच्या तीन-चार खेपा होत. ती दिसेनाशी झाली होती. काकूंनी सतराचे दार वाजवले. ते चार बोटे उघडले आणि फटीत शिंपिणीचा डोळा दिसला.

"सून कुठाय, वहिनी?"

"झोपलीय. तू लांब उभी राहा."

"लांबच आहे. ताप आहे ना तिला?"

"हळू बोल, बाई! कोणी ऐकलं तर गाडी येईल. पोटुशी पोर एकटी कुठं नेतील तिला?"

"गाडीचं नंतर बघू. लघवीला जळजळ होते का, विचार तिला."

शिंपीण बोलण्याआधीच आतून क्षीण आवाज आला, "होते, काकू. फार होते."

"दिवसाला पाणी किती पितेस?"

"दोन पेले."

"आत दोन जीव, आणि पाणी चिमणीचं!"

शिंपिणीचा धीर सुटला. "मीच बजावलं तिला. म्हटलं, तिथून रोग आणण्यापेक्षा तहान बरी. आता काय करू गं?"

काकूंनी मला दवाखान्यात फोन करायला लावला. नर्सबाई आल्या. त्यांनी साथीची आणि लघवीची, अशा दोन्ही तपासण्या केल्या. साथीचा रोग नव्हता. पाणी न प्यायल्याने लघवीच्या जागी विकार झाला होता. औषध देऊन त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, "पाणी भरपूर प्यायचं आणि लघवी अजिबात तुंबवून ठेवायची नाही. नाहीतर बाळाची खात्री मी देणार नाही."

नर्सबाईंची पाठ वळताच शिंपीण माझ्याकडे वळली. "सर, एका संडासाला कुलूप लावा आणि किल्ली आम्हाला द्या. सुनेचं बाळंतपण होईपर्यंत तरी."

खरे सांगायचे तर मी राजी झालो होतो. काकूंनी मात्र नकारार्थी मान हलवली.

"एकाला कुलूप लागलं की बाकीच्या तेवीस घरांना वाटेल, उरलेल्यात नक्कीच विष आहे. मग आणखी कोणीतरी अशीच पडेल. आणि सर, राग मानू नका, पण तुमचा कागद आधी खाली काढा."

"का? त्यात चूक काय आहे?"

"चूक कुठं आहे, तीच तर पंचाईत! आपल्या आधी कोण गेलं, ते आता प्रत्येकाला घड्याळ लावून कळतं. सतराच्या आधी सोळा. सोळाची म्हातारी रात्रंदिवस खोकते. ही पोर जाईल कशी?"

घरात बसून मी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. चाळीस वर्षे शाळेची वेळापत्रके आखली, पण पाठोपाठच्या दोन नावांमध्ये भीती दडून बसते, हे कधी ध्यानात आले नव्हते. मी स्वतः जाऊन कागद काढला.

"उद्यापासून मी इथं बसणार," काकू म्हणाल्या. "एक माणूस बाहेर आला की दार उघडं टाकायचं, वारा खेळू द्यायचा, मग मी धुणार. कडी, नळ, उंबरा, सगळं. त्याशिवाय दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही."

कामाच्या कराराप्रमाणे त्यांनी दिवसातून दोनदाच धुणे अपेक्षित होते. मी तसे म्हणालोही. त्यांनी ऐकून घेतले आणि फिनेल किती मागवायचे, ते सांगितले. समितीने मास्क आणि रबरी हातमोजे आणून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूच्या खांद्यावर हात ठेवून सून आली. खोल्यांची दारे बोटबोटभर उघडली होती. सगळी रांग बघत होती. संडासापासून पाच पावलांवर तिचे पाय थबकले.

"काकू, माझ्या आधी कोण गेलं होतं?"

"मी."

"तुमच्या आधी?"

"कोणी का असेना. त्याच्या आणि तुझ्या मधे मी आहे. आता इथं प्रत्येकाच्या आधी मीच जाणार. तुझ्या आधी मी, तुझ्या सासूच्या आधी मी, सरांच्याही आधी मी."

"आणि तुला काही झालं म्हणजे?" शिंपिणीने विचारले. त्या प्रश्नात आता 'लांब उभी राहा'चा सूर नव्हता.

"मला काय भीती वाटत नाही होय? घरी गेल्यावर नातवालाही जवळ घेत नाही. पण भीती वाटते म्हणून तर एवढं घासते, वहिनी. न भिणारीनं वरवर पाणी मारून सोडलं असतं."

सून आत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामेजला होता, पण ती हसत होती. काकू बादली घेऊन उठल्या. थोड्याच वेळाने नऊ नंबरची बाई डबा घेऊन बाहेर पडली, तिच्यामागून चौदा नंबरच्या दोघी बहिणी. त्या दिवशी काकूंनी एकसष्ट वेळा धुतले. मी मोजले, म्हणून आकडा निश्चित आहे.

मी आयुष्यात पुष्कळ कर्तबगार माणसे पाहिली, काहींच्या गौरवाची मानपत्रेही लिहिली. त्यांच्यापैकी कोणाचीही जागा बादलीकाकूंच्या वरची आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. काकू आमच्या रांगेच्या आहेत, हे मी अभिमानाने सांगतो.

चौथ्या दिवशी सुनेचा ताप उतरला. शिंपिणीने तर नळाशी पहाराच मांडला होता, कोणी घाई केली की ती वस्सकन ओरडे, "आधी काकूला धुऊ दे! गाडी सुटतेय का तुझी?" आठवड्याने ती काकूंपाशी आली आणि एखादी मोठी बातमी सांगावी तशी म्हणाली, "काल पोरगी सात पेले पाणी प्यायली!"

"सात?" काकूंनी ब्रश खाली ठेवला, कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिले आणि मास्कआडूनही कळेल इतके मोठ्याने हसल्या. "म्हणजे मेले की मी आज! जा, तिला आठवा दे."