बटकीतल्या पाण्याची साक्ष

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि अक्षर वाकडे. चौथीनंतर पाटी सुटली, त्याची माफी असावी. पण हे तोंडाने कोणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

भिवराबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, गेल्या त्याला दीड महिना झाला. त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन निघालेली बैलगाडी दुसऱ्या दिवशी परतायची, ती त्याच दुपारी आली. बैल फार हळू चालत होते... गाडी बांधावर दिसली तेव्हाच मी समजले.

गावात कोणाला विळा लागो की चटका बसो, माणसे बाईंकडे येत. देवरीकडच्या जंगलातला मध जखमेवर लावून त्या फडके बांधत. मधाखाली जखम सडत नाही, म्हणत. पण लावण्याआधी काशाच्या बटकीत, म्हणजे लहान वाटीत, पाणी घेऊन त्यात एक थेंब सोडत. थेंब तळाशी जाऊन बसला तर मध खरा, वाटेतच विरला तर गुळाचा पाक. याला त्या पाण्याची साक्ष म्हणत. एकदा मी हसले, तर म्हणाल्या, "हासून काऊन राहिली वो? पाक लावला तर पाय जाते माणसाचा."

यंदाचा शेवटचा मध माझ्या लेकीच्या भाजलेल्या मांडीला लागला. डाग राहिला, पण पू झाला नाही. मग धानकापणीत बाईंच्याच पोटरीत विळा घुसला, आणि डबा रिकामा. मी आमगावच्या बाजारात गेले. मधवाला म्हणाला, "असली जंगल का है बाई, आँख मूँद के ले जाओ." बटकी पिशवीतच होती. पण भोवती माणसे... पाणी मागायची मला लाज वाटली. दीड रुपया देऊन बाटली घेतली.

घरी बाईंनी विचारले, "साक्ष घेतली?"

मी मान हलवली. होकाराची.

तिसऱ्या दिवशी फडके सोडले तर वास आला. पाय गुडघ्यापर्यंत लाल. "मधाले असा वास नाही येत, कौसे," एवढेच त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. पुन्हा विचारले नाही. मी खरे न सांगता नवे फडके बांधले. पाचव्या दिवशी गाडी जुंपली.

तेरवी झाल्यावर उरलेल्या मधाचा थेंब बटकीत सोडला. तो तळाला पोचलाच नाही.

पुढच्या बाजारी मी मधवाल्यासमोर बटकी ठेवली, पाणी ओतले, थेंब सोडला. तो वाटेतच विरला. माणसे जमली. "याच्यानं माझी जाऊ गेली," एवढेच बोलता आले. तो वर पाहीना.

बटकी आता बाईंच्या फळीवर आहे. पाण्याऐवजी तिच्यात दीड रुपया आहे... त्याने पूर्ण परत दिला.