फिटरच्या वर्गातला चौरंग

फिटरच्या वर्गाच्या यादीत मुलीचं नाव एकच होतं, माझं. सत्तरच्या दशकात आयटीआयमध्ये मुलगी म्हणजे शिवणकाम, असं सगळेच धरून चालत. मला मात्र वडिलांसारखं कारखान्यात काम करायचं होतं. ते आकुर्डीला जोडणी विभागात होते.

पहिल्याच दिवशी सरांनी एकेकाला शेगड्यापाशी उभं केलं. लोखंड घट्ट पकडणारा शेगडा बाकाला कायमचा बसवलेला असतो. मूठ हनुवटीला लावायची, कोपर शेगड्याच्या माथ्याला टेकलं पाहिजे. माझं कोपर अर्धी वीत खाली राहिलं.

"इतक्या खालून कानस सपाट चालणार नाही," सर म्हणाले. "शिवणकामाला अजून जागा आहे."

मी शनिवारपर्यंत मुदत मागितली. लोखंडी ठोकळ्याची एक बाजू कानशीनं बिनचूक सपाट घासून दाखवली तर राहायचं, नाहीतर वर्ग बदलायचा, असं ठरलं.

घरी येऊन आधी यादी केली: फळ्या, खिळे, हातोडी, गेटपास. सुट्या भागांच्या खोक्यांची लाकडं कामगारांना गेटपासवर बाहेर नेता येत. वडिलांनी शिफ्ट सुटल्यावर ती आणली, मी पाट ठोकला आणि दुसऱ्या दिवशी काखेत मारून बसमध्ये चढले.

पाटावर उभी राहिले, तर शेजारच्या शेगड्यावरचा मावळातला मुलगा म्हणाला, "ताई, सत्यनारायण हाय का? चौरंग आणलाय म्हनून इचारलं."

"आहे. प्रसाद शनिवारी."

शनिवारपर्यंत दोन्ही तळहातांना फोड आले. सरांनी माझ्या ठोकळ्याला गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावला आणि खिडकीसमोर धरला. फटीतून उजेड दिसला की काम नापास. त्यांनी ठोकळा तीनदा फिरवून पाहिला. उजेड कुठूनच येत नव्हता. हजेरीपटात माझ्या नावापुढे त्यांनी पेन्सिलीनं 'बदली' लिहून ठेवलं होतं. ते माझ्यासमोरच खोडलं.

दुपारी तो मावळातला मुलगा आला. त्याच्या ठोकळ्याच्या दोन्ही कडा उतरल्या होत्या.

"ताई, चौरंग वाईच द्या की. माझंबी कोपर खालीच ऱ्हातंय."

पहिल्या दिवशी त्यानं टाचा उचलल्या होत्या. मुलगा म्हणून कुणी त्याच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं.

आम्ही दोघं तो पाट आलटूनपालटून वापरू लागलो, आणि आणखी तिघे रांगेत आले. त्या वर्षीच्या सामानाच्या मागणीपत्रात सरांनी कानशींच्या खाली एक ओळ घातली: पायाखालचे पाट, नग सहा. पुढच्या वर्षी फिटरच्या यादीत मुलींची तीन नावं होती. शेगड्यांपाशी पाट आधीच मांडून ठेवले होते.