टिपक्यांचा फोटो

छावणीत माझा फोटो स्टुडिओ आहे. शाळा चौथीपर्यंत, ती पण धड नाही. पण डार्करूमच्या अंधारात नुसत्या बोटांच्या अंदाजानं फिल्म धुवायच्या रिळावर चढवायचो, अन् माझी फिल्म कधी चिकटली नाही. मला काम शिकवायला कुणी लागत नाही, एवढंच सांगायचं.

आमच्या स्टुडिओचा एक कायदा होता. गिऱ्हाइकाला फोटो द्यायचा, निगेटिव्ह द्यायची नाही. निगेटिव्ह पाकिटात, पाकिटावर गावाचं नाव, पाकीट कपाटात. गिऱ्हाईक म्हातारं होऊन आलं तरी त्याचं लग्न काढून द्यायचो. फिल्म गेली, कॉम्प्युटर आला, तेव्हा हे काम मुलानं हातात घेतलं. कपाटाच्या जागी त्यानं इंटरनेटवर जागा भाड्यानं घेतली. कुठल्याही लग्नाचं काम करून आला, की सगळे फोटो तिकडं चढवायचा.

त्यासाठी एक प्रोग्राम होता. उघडला की पडद्याचे दोन भाग. डावीकडं आपला कॉम्प्युटर, उजवीकडं ती भाड्याची जागा. डावीकडची फाइल धरायची, उजवीकडं नेऊन सोडायची. मी पण तेवढं शिकलो. वरच्या यादीत त्यानं गावांची नावं घातली होती, पाचोड, खुलताबाद, छावणी. नावावर दाबलं की दार उघडायचं. पासवर्ड प्रोग्रामच्या ध्यानात असायचा. मुलाच्या स्वतःच्या ध्यानात होता का, ते आता विचारता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात, लग्नसराई संपता संपता, तो वारला. छातीत जड वाटतंय म्हणाला, स्वतःच्या पायानं रिक्षात बसला.

नंतर मी त्याचं सिमकार्ड बंद करून टाकलं. फोन वाजायचा अन् उचलायला मीच. पुढं सूनबाईनं सांगितलं, की पासवर्ड हरवला तर नवा त्याच नंबरवर येतो. म्हणजे शेवटच्या सराईतली लग्नं उघडायची एकच वाट उरली होती, त्या प्रोग्राममध्ये साठवलेली. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवरचे फोटो त्यानं जागा करायला पुसले होते. जे काय होतं ते तिकडं होतं.

दिवाळीनंतर कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. पैठण गेटच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं डब्याला कान लावला.

"चाचा, डिस्क जा रई. नई डालना पडेंगा. वो फोटू चढाने के प्रोग्राम की सेटिंग पैले निकाल के रखो, नई तो सब कोरा."

"ठेवतो."

"आता हैं तुमकू? मैं निकाल देतूं."

"तू जन्मला नव्हता तवापासून लोकांचे फोटो जपून ठेवतोय मी."

"फोटू नई चाचा, सेटिंग."

"तेच ते."

सूनबाई कॉलेजच्या ऑफिसात कामाला जाते. निघता निघता म्हणाली, "आबा, त्याला करू द्या की. मेन्यूत एक्स्पोर्ट म्हणून असतं. एक फाइल निघती, ती पेनड्राइव्हवर ठेवायची."

"जपून कसं ठेवायचं ते मला सांगू नको."

ती गेल्यावर ट्रायपॉड लावला. पडद्याचा फोटो काढणं सोपं नसतं. शटर जोरात ठेवलं की आडवा काळा पट्टा येतो. ट्यूबलाइट बंद केली, दाराचा पडदा ओढला, शटर हळू केलं. एकेका गावाच्या नावावर जाऊन आतली सेटिंगची खिडकी उघडली. पत्ता, नंबर, नाव, पासवर्ड. एकही खिडकी सोडली नाही. ग्लॉसी कागदावर प्रिंट काढल्या. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. पाकिटात घातल्या, पाकीट कपाटात. दुपारी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडं पाठवून दिला.

संध्याकाळी सूनबाईनं प्रिंट बघितल्या.

"आबा, पासवर्ड कुठंय?"

"हा काय."

"हे टिपकेत."

"मग?"

"कुणाला दिसू नये म्हणून ते टिपके दाखवतं. तुम्ही टिपक्यांचा फोटो काढलाय."

मी प्रिंट उजेडात धरली. टिपके गोल, काळे, कडा एकदम साफ.

"फोकस बरोबरंय," मी म्हणालो.

ती खांद्यावरची पर्स न काढताच स्टुलावर बसली. "डिस्क पुसली असेल तर त्यांची शेवटची सराई गेली, आबा," म्हणाली. लई हळू म्हणाली. मला काही वाटायला पाहिजे होतं. दाताला सुई दिल्यावर गाल कसा आपला राहत नाही, तसं होतं ते. उन्हाळ्यापासून तसंच आहे. मी प्रिंटचं पाकीट घेतलं, स्टुडिओचं शटर ओढलं, रिक्षाला हात केला, दोघं निघालो.

दुरुस्तीवाल्यानं नवी डिस्क बसवली होती. जुनी काउंटरवर पडलेली, तिच्यावर चहाचा ग्लास.

"पुरानी कू हात नई लगाया, चाचा. तुम्हारा भरोसा नई था." मग पाकिटातल्या प्रिंट बघून बाजूच्या दुकानदाराला दाखवायला निघाला. "क्या फोटू निकाले. शादी के अल्बम में लगाओ."

"आधी काम कर," मी म्हणालो.

त्यानं जुनी डिस्क वायरनं जोडली. टक टक वाजली अन् बंद पडली. काढून परत जोडली. आता लागली. मुलाच्या नावाचा फोल्डर, त्याच्या आत फोल्डर, त्याच्याही आत, तिथं ती सेटिंगची फाइल. एका फोटोपेक्षाही लहान. ती उचलून त्यानं नव्या डिस्कवर तिच्या जागी ठेवली, प्रोग्राम चालू केला. यादी आली. पाचोड, खुलताबाद, छावणी. सूनबाईनं पाचोडवर दाबलं. उजवी बाजू फोल्डरांनी भरली. ती खाली खाली जात राहिली, मग ओढणी तोंडाला लावली.

"आहेत," म्हणाली.

मी चहा सांगितला. प्यालो. साखर जास्त होती.

तिनं तिथंच एक्स्पोर्ट करून फाइल दोन पेनड्राइव्हवर घेतली. एक तिच्याजवळ, एक माझ्या कपाटात. "एका ठिकाणी ठेवायचं नाही, आबा. अन् यादीत काही बदललं की परत काढायची." मी माझा पेनड्राइव्ह निगेटिव्हच्या पाकिटात घातला, वर तिन्ही गावांची नावं लिहिली. टिपक्यांच्या प्रिंट पण त्याच पाकिटात आहेत. ती टाकून द्या म्हणते. चांगल्या आलेल्या प्रिंट मी टाकत नाही.

एक मात्र राहिलं. यादीतलं कुठलंही नाव उघडलं की प्रोग्राम सांगतो, डावीकडचा फोल्डर सापडत नाही. मुलगा ज्या फोल्डरात काम करायचा तो जुन्या डिस्कवर राहिला, पण सेटिंगच्या तो अजून ध्यानात आहे. ती आधी तिथंच जाते.

"तिथं नवा फोल्डर दाखवा, आबा. मिनिटाचं काम आहे. नाहीतर मी करते."

"राहू दे," मी म्हणालो.

रोज सकाळी स्टुडिओ झाडतो, कॉम्प्युटर लावतो, नावावर दाबतो. ते म्हणतं, फोल्डर सापडत नाही. मी ओके दाबतो अन् कामाला लागतो.