भरवसा, हवा असल्यास

मानपाड्याच्या आमच्या ऑफिसात डोंबिवलीच्या एका वधूवर मंडळाचं काम आलेलं. त्यांचा सर्व्हर ठाण्याच्या दुसऱ्या मंडळाच्या सर्व्हरशी जोडायचा, म्हणजे इकडचा होकार तिकडे आणि तिकडचा इकडे आपोआप जाईल. तपासणी माझ्याकडे. वेब सर्व्हिसचं स्टँडर्ड, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी बोलायचे नियम, मी इमानदारीत वाचलं. निरोप कसा लिहावा, पाकिटावर काय घालावं, यावर पानंच्या पानं. तो पोचेल का, पोच नाही आली तर पुन्हा पाठवायचा का, हे सगळं वेगळ्या जोडपत्रात, आणि तेही हवं असल्यास. म्हणजे निमंत्रणपत्रिका छापायचे नियम सतराशे साठ, नवरा मांडवात येणं मात्र ऐच्छिक.

साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "ऑप्शनल आहे ना? मग सोड. स्टँडर्डप्रमाणे मागितलंय, स्टँडर्डप्रमाणे देतोय." मी वाद घातला नाही. शेऱ्यात "चालेल" लिहून मोकळी झाले. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर नकार समजून दोन्हीकडे "पत्रिका जुळत नाही" असं कळवायचं, ही सोयही मीच पास केली. आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे नकारच, त्यात नवीन काय.

डोंबिवलीच्या त्याच मंडळात आईने माझं नाव घातलेलं. मला तेहतिसावं लागलेलं, त्यामुळे ती माझं काही ऐकायच्या पलीकडे गेलेली. ठाण्याच्या मंडळाकडून खोपटला राहणाऱ्या एकाचं स्थळ आलं. मंडळाने ठरवून दिलेल्या हॉटेलात आम्ही दीड तास बोललो. मला तो आवडला, सरळ सांगते, फार आवडला. दोघांचे होकार डोंबिवलीच्या मंडळात जमेपर्यंत एकमेकांना काही दिसत नाही, फोन नंबरही नाही, हा मंडळाचा नियम. निघताना तो "उद्या कळवतो" म्हणाला. मी घरी येऊन लगेच होकाराचं बटण दाबलं.

आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचं आलं. "तोंडावर सांगायला काय झालेलं मेल्याला," आई म्हणाली. मी महिनाभर त्याला मनात शिव्या घातल्या. गुळमुळीत, भित्रा, आईच्या पदराआडचा.

दिवाळीनंतर ठाण्याच्या मंडळाची तक्रार आली, की आमचे कितीतरी निरोप तुमच्याकडे पोचलेलेच नाहीत. न पोचलेल्या निरोपांची यादी तपासायला माझ्याकडेच. त्यात त्याचा नोंदणी क्रमांक तीनदा होता. भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होकार. चौथ्या दिवशी पुन्हा होकार. सातव्या दिवशी होकारासोबत एक ओळ, "माझं उत्तर मिळालं ना?" पुन्हा पाठवण्याचं जे काम मी ऐच्छिक म्हणून सोडून दिलेलं, ते तो बिचारा हाताने करत होता.

फोन नंबर यादीतच होता. लाज गुंडाळून ठेवून फोन केला, सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "तुमचा नकार आला तेव्हा खूप लागलेलं मला. आता साखरपुडा झालाय हो."

मी अभिनंदन म्हटलं. ते मात्र पहिल्याच झटक्यात पोचलं.