लोणच्याच्या दुकानाची वर्णनं

तोमिए सावातारीला चिडलेले दुकानदार फार आवडायचे. कामच तसं होतं तिचं. जपानमधल्या मात्सुमोतो शहरातल्या दुकानांच्या वेबसाइट तपासायच्या आणि न दिसणाऱ्या माणसाला तिथे कुठे ठेच लागते, ते मालकाच्या तोंडावर सांगायचं. मालक चिडला नाही, तर तिला वाटायचं, आपलंच काहीतरी तपासायचं राहून गेलं.

तिची स्वतःची नजर एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. त्याआधी ती टपाल कचेरीत पाकिटांवरचे पत्ते वाचून टपाल लावायची. डॉक्टरांच्या अक्षरातले पत्तेसुद्धा तिच्याकडेच यायचे. आता ती एकोणसाठची. तिचा संगणक पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवी, आणि तोही इतक्या वेगात, की शेजाऱ्यांना वाटे आत कुणाचं तरी कडाक्याचं भांडण जुंपलंय.

नोव्हेंबरात तिला कुरामोचींच्या लोणच्याच्या दुकानातून बोलावणं आलं. झालं होतं असं, की एका अंध मालिशवाल्याने वांग्याच्या लोणच्याची एक पिशवी मागवली आणि त्याच्या दारात मुळ्याच्या लोणच्याचे बारा डबे येऊन पडले. त्याने फोन करून एवढंच विचारलं, "मुळे खाल्ले की दृष्टी येते, असं कुणी सांगितलं का तुम्हाला?"

तोमिए दुकानात आली, लॅपटॉप उघडला, बोलण्याचा वेग कमी केला आणि म्हणाली, "आता ऐका तुमचं दुकान."

लॅपटॉप बोलू लागला, "चित्र. चित्र. बटण. बटण. चित्र शून्य शून्य चार एक सात. बटण."

कुरामोचींची बायको योशिनो खुदकन हसली. "अहो, जेवताना तुम्ही बोलता ते अगदी अस्संच!"

कुरामोची पासष्टीचे, शब्द मोजून वापरणारे. "बटणावर पिशवीचं चित्र आहे की," ते पुटपुटले.

"चित्र आहे, नाव नाही. मी काय दाबतेय ते मला कळणार कसं? आणि शेवटी तर तुम्ही कमालच केलीत. मी माणूसच आहे हे पटवायला सिग्नलचे दिवे असलेली चित्रं निवडायची! ते दिवे दिसत असते, तर मी इथवर टॅक्सीने कशाला आले असते?"

कुरामोचींचे कान लाल झाले, असं योशिनोने तिला लगेच कळवलं. तोमिएला बरं वाटलं.

मग तिने काम वाटून दिलं. बटणांना नावं द्यायची, सिग्नलचं कोडं काढून टाकायचं, माउसला हात न लावता खरेदी पुरी व्हायला हवी. हे वेबसाइट बनवणाऱ्याने बघायचं. चित्रांची वर्णनं, पडद्यावर न दिसणारी, फक्त संगणकाने बोलून दाखवायची, ती मात्र मालकाने लिहायची. "थोडक्यात आणि खरं लिहा," तिने बजावलं.

दोन आठवड्यांनी तिने घरी बसून वेबसाइट उघडली. चार मिनिटांत वांग्याची पिशवी मागवून झाली. खूश होऊन ती चित्रांकडे वळली.

"दगड. लोणच्यावर दाब द्यायचा. वजन अकरा किलो. वडिलांनी नदीतून आणला. आम्ही चार भाऊ, पण वडिलांचा जीव याच्यावर जास्त."

तोमिएने चहाचा पेला खाली ठेवला.

"माझी बायको योशिनो, पिंप धुताना. रागावली आहे, कारण मी मदत सोडून फोटो काढतोय. सुंदर दिसते. तिला सांगू नये."

हसून हसून तिच्या पोटात दुखलं. पण काम ते काम. तिने फोन लावला. "कुरामोचीसान, गिऱ्हाइकाला वजन हवं, खारटपणा हवा. दगडाचं घराणं कशाला?"

"थोडक्यातच लिहिलंय मी," कुरामोची दुखावल्या आवाजात म्हणाले. "काढून टाकू?"

"थांबा, एक राहिलंय." तिने शेवटचं चित्र लावलं.

"दुकानासमोरची मेतोबा नदी. पाणी कमी. पुलाच्या डावीकडे पर्सिमनचं झाड. पानं गळलीत, नारिंगी फळं वीस-बावीस. शेंड्यावरची कुणी काढत नाही, ती पाखरांची. मागे डोंगर, अर्ध्यापर्यंत पांढरे."

त्या पुलावरून ती अठरा वर्षं काठी टेकत जात होती. पावलं पाठ, गटाराचं झाकणही पाठ. नजर होती तेव्हा तिथे नुसतं गवत होतं.

"सावातारीसान? फोन कट झाला का?"

"नाही. ते झाड केव्हापासून आहे?"

"पंधराएक वर्षं झाली असतील. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"कोण सांगणार?"

मग तिने आपला नेहमीचा कडक आवाज शोधून काढला. "काढू नका काही. चित्राला एका ओळीचं वर्णन जोडा आणि तुमचं हे पुराण खाली उघड लिहा. ज्याला ऐकायचंय तो ऐकेल, ज्याला वाचायचंय तो वाचेल."

उघड लिहिलेलं सगळ्यांनाच दिसतं, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तिसऱ्याच दिवशी योशिनोचा फोन आला.

"हे तुम्ही लिहायला लावलंत ह्यांना?"

"छे हो! मी तर काढायला लावत होते."

योशिनो घाईने म्हणाली, "तसं नको. राहू दे. फक्त ते 'रागावली आहे' तेवढं काढायला सांगा. माझं ऐकत नाहीत."

मागून कुरामोचींचा आवाज आला, आणि या खेपेला तो चांगला ठणठणीत होता. "वर्णन खरं हवं! सावातारीसाननीच सांगितलंय!"