गरम कुंडावरचा तेलाचा तवंग

कॅलिफोर्नियात नापा आणि सोनोमा या दोन काउंट्यांच्या सीमेजवळ एक खेडेवजा गाव आहे. सगळीकडे द्राक्षांचे मळे, जमिनीतून वर येणारं कढत पाणी, आणि टेकडीवर जुना दिसेल असा बांधलेला नवा किल्ला. मी सिंहगड चढून वाढलोय. आत वाइन विकणाऱ्या किल्ल्याबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही. तरी २००७ च्या दिवाळीत गेलो. मित्रासाठी.

सांता क्लारात आम्ही एका खोलीत राहायचो. दिवसा कोड, संध्याकाळी पत्रकं. मळ्यांत-हॉटेलांत राबणाऱ्या कष्टकऱ्यांना राहायला धड घर द्या, ही मागणी. लिहायचो मी, बोलायचा तो. मग त्याचं लग्न झालं आणि तो रविवारीसुद्धा सापडेनासा झाला. या रविवारी मात्र याच गावात, चर्चच्या हॉलमध्ये आमची सभा होती. आणि याच गावात, सुट्टी बघून त्याच रविवारी, त्याचा दिवाळसण! बायकोच्या काका-काकूंनी गरम कुंडांचं रिसॉर्ट बुक केलं होतं. त्याला सभेला ओढून न्यायचंच, म्हणून मीही टपकलो.

सकाळी काकूंनी जावयाला टॉवेलवर बसवून तेल चोळलं, उटणं लावलं. कारीट कुठून आणणार, म्हणून त्यानं टाचेखाली द्राक्ष फोडलं.

"तुम्हालाही लावू का?" काकूंनी मला विचारलं.

"नको, मला सभा आहे."

"सभेला अंघोळ चालत नाही वाटतं?" त्याची बायको म्हणाली. सगळे हसले. तोही.

"चला जावईबापू," काका म्हणाले, "बाथरूममध्ये कसली अंघोळ? खाली अख्खं कुंड आहे!"

आणि तो तसाच, तेला-उटण्यासकट, कुंडात उतरला.

पाण्यावर तवंग पसरला. मॅनेजर धावत आला. कुंड रिकामं करून घासा, असा हुकूम सुटला. आणि हा हुकूम ज्या तिघा सफाई कामगारांवर सुटला, ते दुपारी आमच्या सभेला येणार होते.

"तुमचा सण आणि त्यांना शिक्षा!" मी भडकलो. "कपडे घाल. हॉलमध्ये यावरच बोल."

"तेल माझं आहे यार. घासून येतो. तू हो पुढे."

झालो पुढे. हॉलमध्ये चार डोकी. खास शिकलेल्या स्पॅनिशमध्ये मी अख्खं पत्रक वाचलं. त्यांनी सभ्यपणे ऐकलं आणि सभ्यपणे निघून गेले. तो आलाच नाही.

परतलो तर रिकाम्या कुंडात पॅन्ट दुमडून तो ब्रश मारतोय, बायको पाणी ओततेय, काकू काठावरून चकल्या वाटतायत. ते तिघं त्याच्या मोडक्या स्पॅनिशला खदाखदा हसत होते, आणि एका गॅरेजमध्ये किती कुटुंबं झोपतात, तक्रार केली की कुणाला हाकलतात, सगळं सांगत होते. वर्षभर मी हेच विचारत होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं.

"ये, ब्रश घे," तो म्हणाला.

"माझी सभा झाली," मी म्हणालो.

मागणी तीच, माणसं तीच. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी जळलो. त्याच्यावर, तिच्यावर, त्या चकल्यांवरसुद्धा.

पुढच्या सभेला ते तिघं आणखी माणसं घेऊन आले. दारात मी पत्रक पुढे केलं, तर एकजण माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "तेलवाला कुठाय?"

"येतोय," मी म्हणालो.

आला. बायकोला घेऊन. त्या तिघांनी सरकून दोघांना मधे जागा करून दिली. मी दारातच पत्रकं वाटत राहिलो.